भट्टी केवढी असावी?

११ मार्च २०११ रोजी दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या ताबडतोब बंद झाल्या. नियंत्रक कांड्या ठरल्याप्रमाणे आत गेल्या आणि युरेनियमचं साखळी विखंडन थांबलं. तासाभराच्या आत त्सुनामी आली, डिझेल जनित्रं पाण्याखाली गेली, पंप बंद पडले आणि पुढच्या काही दिवसांत या बंद केलेल्या तिन्ही भट्ट्यांचे गाभे वितळले. भट्टी बंद करणं सोपं असतं, बंद केलेली भट्टी निववणं अवघड. या प्रकरणाचा सगळा विषय त्या निववण्याचा आहे.

विखंडनातून निघालेले अणूंचे तुकडे अस्थिर असतात. साखळी थांबली तरी त्यांचं क्षय होणं चालूच राहतं आणि त्यातून उष्णता निघत राहते. कोणतंही बटण दाबून ती थांबवता येत नाही. भट्टी बंद झाली त्या क्षणी ही क्षय-उष्णता मूळ शक्तीच्या सुमारे साडेसहा टक्के असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर उतरते आणि त्यानंतर फार सावकाश कमी होते. टक्केवारी लहान दिसते, पण ३,००० मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॅट. एवढी उष्णता, भट्टी बंद करून दिवस उलटल्यावरही, कुठेतरी काढून टाकावीच लागते. त्यासाठी पंप हवेत, पंपांना वीज हवी, वीज गेली तर जनित्रं हवीत, आणि जनित्रं बुडाली तर काय करायचं, हा प्रश्न फुकुशिमाने जगापुढे ठेवला.

तो प्रश्न काही अभियंत्यांनी त्याआधी तीस वर्षं स्वतःला विचारला होता. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची भट्टी अंशतः वितळली, तीही बंद झाल्यानंतर आणि क्षय-उष्णतेमुळेच. त्यानंतर पश्चिम जर्मनीत हर्बर्ट रॉयटलर आणि ग्युंटर लोनर्ट यांनी उलट दिशेने विचार केला. आधी शक्ती ठरवायची आणि मग तिला पुरतील एवढे पंप जोडायचे, ही रूढ पद्धत त्यांनी सोडून दिली. सगळे पंप बंद आहेत, शीतक वायू गळून गेला आहे आणि मदतीला कोणी येणार नाही, असं गृहीत धरायचं. अशा वेळी गाभ्यातली उष्णता केवळ वहनाने आणि प्रारणाने भिंतीबाहेर पडून इंधन शाबूत राहील, अशी मोठ्यात मोठी भट्टी केवढी असू शकेल, हे शोधायचं. गणिताचं उत्तर आलं सुमारे २०० मेगावॅट औष्णिक. त्याचाच आराखडा पुढे ‘एचटीआर-मॉड्यूल’ म्हणून ओळखला गेला. तो जर्मनीत कधी बांधला गेला नाही, पण आज जगात या प्रकारच्या ज्या भट्ट्या चालतात किंवा आखल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींवर त्याची छाप आहे.

हे गणित कसं बसतं ते समजायला इंधनापासून सुरुवात करावी लागते, कारण मर्यादा तिथे ठरते.

चीनच्या शानतुंग प्रांतातल्या शिदाओ उपसागराजवळच्या एचटीआर-पीएम या भट्टीतला एक इंधन-गोळा हातात घेतला आहे असं समजू. व्यास ६० मिलिमीटर, वजन सुमारे २०० ग्रॅम, रंग काळा, कारण तो जवळजवळ पूर्ण ग्राफाइटचा आहे. बाहेरचा ५ मिलिमीटरचा थर निव्वळ ग्राफाइटचा. आतल्या भागात सुमारे १२,००० बारीक कण विखुरलेले, आणि त्या सगळ्यांत मिळून युरेनियम फक्त ७ ग्रॅम. प्रत्येक कण जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा युरेनियम ऑक्साइडचा मणी, त्याभोवती सच्छिद्र कार्बनचा थर, मग घट्ट कार्बनचा, मग सिलिकॉन कार्बाइडचा आणि वरून पुन्हा घट्ट कार्बनचा. सच्छिद्र थर विखंडनातून निघणाऱ्या वायूंना जागा देतो. किरणोत्सारी द्रव्यं अडवण्याचं खरं काम करतो तो सिलिकॉन कार्बाइडचा थर. त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास असते, तरी सुमारे १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तो शेकडो तास टिकतो, हे जर्मनीतल्या चाचण्यांपासून आजवर वारंवार दिसलं आहे.

तेव्हा आराखडा करणाऱ्याला एकच आकडा पाळायचा असतो : काहीही झालं तरी गाभ्यातला सर्वांत तापलेला गोळा १,६०० अंशांच्या वर जाता कामा नये.

आता असे सुमारे सव्वाचार लाख गोळे ३ मीटर व्यासाच्या आणि ११ मीटर उंचीच्या नळकांड्यात भरलेले आहेत. त्यांच्या फटींतून ७० पट वातावरणीय दाबाचा हेलियम वरून खाली वाहतो. २५० अंशांना आत येतो आणि ७५० अंशांना बाहेर पडतो. उष्णता मिळते २५० मेगावॅट. पाण्याने थंड होणाऱ्या नेहमीच्या भट्टीत गाभ्याच्या एका घनमीटरातून सुमारे १०० मेगावॅट निघतात. इथे निघतात ३.२. तीसपट विरळ. पोलादी पात्राची उंची सुमारे २५ मीटर आणि आतला व्यास ५.७ मीटर, म्हणजे दहापट-बारापट शक्ती देणाऱ्या पाणभट्टीच्या पात्रापेक्षाही मोठं. इतकं पोलाद घालून एवढीच शक्ती का घ्यायची, असं कोणत्याही हिशेबनिसाला वाटेल. त्याचं उत्तर वहनाच्या नियमात आहे.

समजा हेलियम निघून गेला. गाभ्याच्या मध्यावरची उष्णता गोळ्यागोळ्यांतून, ग्राफाइटच्या परावर्तक भिंतीतून, पोलादी पात्रातून बाहेर यायची आहे. लग्नघरात भाताचा हंडा उतरवला की आचारी तो परातींत पसरतो, कारण हंड्यातल्या मधल्या भाताची वाफ दोन तासांनीही जिरत नाही. काठाजवळचा भात मात्र केव्हाच निवलेला असतो. गाभ्याचंही तेच आहे. रुंदी वाढली की मधली उष्णता अडकते. उंच नळकांड्यासाठी गणित आणखी नेमकं आहे : मध्य आणि काठ यांच्या तापमानातला फरक उंचीच्या दर मीटरमागे किती उष्णता निर्माण होते यावर ठरतो. एचटीआर-पीएममध्ये हा आकडा पूर्ण शक्तीला मीटरमागे सुमारे २३ मेगावॅट आहे. एचटीआर-मॉड्यूलची उंची ९.४ मीटर होती, तिथे २१. मोठ्या पाणभट्टीत तो ९०० च्याही वर जातो. तिला पंपांशिवाय निववण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

यातून एक वाट सुचते. शक्ती वाढवायची तर उंची वाढवा, रुंदी नको. पण उंची वाढली की हेलियम ढकलायला जास्त जोर लागतो, वरच्या आणि खालच्या भागात विखंडनाचा तोल ढळू शकतो, आणि पात्र घडवणाऱ्या कारखान्यांनाही मर्यादा असतात. दुसरी वाट म्हणजे तीच उंची आणि रुंदी ठेवून शक्ती अधिक समान पसरवणं. एचटीआर-पीएममध्ये प्रत्येक गोळा खालून बाहेर काढून, तपासून पुन्हा वरून टाकला जातो, आणि अशा सुमारे १५ फेऱ्या झाल्यावर तो निवृत्त होतो. त्यामुळे ताजे आणि जुने गोळे सगळीकडे मिसळलेले राहतात आणि एखाद्याच पट्ट्यात उष्णता साचत नाही. लोनर्ट-रॉयटलर यांच्या २०० वरून चिनी २५० पर्यंत जाता आलं, त्यातला मोठा वाटा उंचीचा आहे.

काळ हाही इथे मित्र असतो. गाभ्यात नुसत्या गोळ्यांचंच ८० टनांहून अधिक ग्राफाइट आहे. हेलियम थांबल्यावर पहिल्या तासात जी क्षय-उष्णता निघते ती सगळी त्यातच मुरली, तरी सरासरी तापमान शंभर अंशांच्या आसपासच चढतं. सर्वोच्च तापमान यायला साधारण दीड दिवस लागतो आणि तोवर क्षय-उष्णताच अर्ध्या टक्क्याखाली गेलेली असते. त्या सुमारास पात्राच्या पृष्ठभागावरून बाहेर जाणारी उष्णता आत निर्माण होणाऱ्या उष्णतेला गाठते. पात्रावर उष्णतारोधक वेष्टण मुद्दाम घातलेलं नसतं. समोरच्या भिंतीवर पाण्याच्या नळ्यांची जाळी असते आणि तिच्यातलं पाणी तापून आपोआप वर चढतं, वर थंड होऊन परत उतरतं. प्रारणाचा जोर निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे पात्र जितकं तापेल तितकी उष्णता झपाट्याने बाहेर पडते. याची किंमत रोज मोजावी लागते : भट्टी नीट चालू असतानाही या उघड्या अंगावरून थोडी उष्णता वाया जातच असते.

विखंडन थांबवण्यासाठीही इथे घाई नसते. इंधन तापलं की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन गिळू लागतं आणि साखळी स्वतःहून मंदावते. जर्मनीत युलिश इथे रुडॉल्फ शुल्टेन यांच्या कल्पनेवर उभारलेली एव्हीआर ही पहिली गोळ्यांची भट्टी १९६७ ते १९८८ चालली. ४६ मेगावॅट औष्णिक, १५ मेगावॅट वीज. तिथे १९७० च्या सुमारास नियंत्रक कांड्या अडवून ठेवून हेलियमचे पंखे बंद केले गेले. भट्टी तापली आणि विझली. साधारण दिवसभराने, गाभा थोडा निवल्यावर आणि त्यात साचलेला, न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन सरल्यावर, विखंडन पुन्हा अगदी कमी शक्तीवर सुरू झालं आणि तिथेच स्थिरावलं. कांड्या शेवटी घालाव्या लागतातच, एवढं यातून लक्षात ठेवायचं. पण त्यासाठी दिवसभराची सवड मिळते.

१९८८ मध्ये, बंद होण्याच्या वर्षी, एव्हीआरवर आणखी धाडसाचा प्रयोग झाला. हेलियमचा दाब आधीच काढून घेतला आणि क्षय-उष्णता वेळेनुसार जशी घटते, तशी हुबेहूब घटत जाणारी विखंडन-शक्ती चालवून वायू गळून गेल्याची स्थिती उभी केली. थेट वायू सोडून देणं शक्य नव्हतं, कारण त्या भट्टीत दाब उतरायलाच दिवस लागत. गाभा अपेक्षेप्रमाणे वहनाने निवला.

हीच एव्हीआर मात्र एक धडा देऊन गेली आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो रोज आठवावा असं मला वाटतं. सरकत्या गोळ्यांच्या राशीत तापमापक ठेवता येत नाही. म्हणून १९८६ मध्ये खास गोळे सोडले गेले. त्यांत वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या तारा होत्या, सर्वांत वरची १,२८० अंशांना वितळणारी. गोळे बाहेर आले तेव्हा काहींत तीही वितळलेली होती. गणिताने सांगितलेल्या तापमानापेक्षा गाभ्याचे काही भाग कितीतरी जास्त तापत होते, आणि तेसुद्धा रोजच्या चालण्यात. गणित आणि मर्यादा यांच्यात मोकळं अंतर ठेवावं लागतं ते यासाठी. २५० मेगावॅटची भट्टी ‘गणितात बसतं’ म्हणून २८० वर चालवावी, असा मोह कोणत्याही वीज मंडळाला होईल. माझ्या मते त्या ३० मेगावॅटना हात लावू नये.

मोठं करण्याचा मोह याआधी दोनदा महागात पडला आहे. जर्मनीने एव्हीआरनंतर हाम शहराजवळ टीएचटीआर-३०० उभारली, ७५० मेगावॅट औष्णिक. गाभा साडेपाच मीटरांहून रुंद. एवढ्या रुंदीत कडेच्या परावर्तकातल्या कांड्यांचा प्रभाव मध्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ४२ कांड्या सरळ गोळ्यांच्या राशीत खुपसण्याची सोय केली. त्यांच्या रेट्याने अंदाजापेक्षा फार जास्त गोळे फुटले. मे १९८६ मध्ये गोळे भरण्याच्या नळीत एक गोळा अडकला आणि तो सोडवताना किरणोत्सारी धूळ बाहेर गेली. चेर्नोबिलचा ढग त्याच दिवसांत जर्मनीवर होता. लोकांचा विश्वास उडाला तो परत आला नाही. १९८९ मध्ये ती भट्टी कायमची बंद झाली. रॉयटलर आणि लोनर्ट यांनी ३ मीटरांची रुंदी का धरली, त्याचं अर्धं कारण इथे आहे. तेवढ्या रुंदीला सगळ्या कांड्या भिंतीत राहू शकतात, गोळ्यांना स्पर्शही न करता. उष्णतेचा नियम आणि कांड्यांची पोच, दोन्ही एकाच मापाशी येऊन थांबतात.

दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने केपटाउनजवळ कोएबर्ग इथे पीबीएमआर ही भट्टी आखली. हेलियम थेट टर्बाइनमध्ये न्यायचा, वाफेची यंत्रणाच नको, असा बेत होता. आराखडा आधी २६५ मेगावॅट औष्णिकचा होता. विजेचा खर्च परवडेना, म्हणून तो वाढत ४०० वर गेला. वहनाचा नियम मोडता येत नाही, तेव्हा गाभ्याच्या मधोमध २ मीटर व्यासाचा ग्राफाइटचा भरीव खांब घातला आणि गोळे त्याभोवतीच्या कड्यात ठेवले. कल्पना सुरेख आहे : सर्वांत जास्त तापणारा मधला भागच काढून टाकला आणि शिवाय उष्णता पिणारा ग्राफाइट मिळाला. अमेरिकेतल्या जनरल अटॉमिक्सनेही षटकोनी ठोकळ्यांच्या भट्टीसाठी अशीच कंकणाकृती रचना करून ३५० आणि पुढे ६०० मेगावॅटपर्यंतचे आराखडे काढले होते. पण ११ मीटर उंच खांब न्यूट्रॉनांच्या माऱ्यात उभा ठेवायचा म्हणजे सोपं नाही. ग्राफाइट त्या माऱ्यात आधी आकसतं, मग फुगतं. खांब मध्येच बदलण्याची तयारी ठेवावी लागते. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. २००९ मध्ये आराखडा पुन्हा २०० मेगावॅटवर आणि वाफेवर आणला गेला, जवळजवळ जुन्या जर्मन मॉड्यूलवरच. पुढच्याच वर्षी सरकारने पैसा थांबवला. हे काम करणारे अभियंते कुशल होते, आणि म्हणूनच ही हकिकत वाचताना वाईट वाटतं. सुरुवातीला ज्या आकड्याशी थांबायला हवं होतं, तिथे ते दहा वर्षांनी परत आले.

चीनने मात्र लहानापासून सुरुवात केली आणि लहानच राहिला. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाची १० मेगावॅटची एचटीआर-१० डिसेंबर २००० मध्ये पेटली. शिदाओच्या एचटीआर-पीएमचं बांधकाम २०१२ मध्ये सुरू झालं, डिसेंबर २०२१ मध्ये वीज जाळ्यात आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी वापर सुरू झाला. तिथे ५०० मेगावॅटची एक भट्टी बांधलेली नाही. २५० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आहेत आणि दोघींची वाफ मिळून २१० मेगावॅटचं एकच टर्बाइन फिरवते.

१३ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२३ या दोन दिवशी दोन्ही भट्ट्यांवर एकेक करून चाचणी झाली. भट्टी २०० मेगावॅटवर चालत असताना उष्णता वाहून नेणारी यंत्रणा बंद केली. आपत्कालीन पंप लावले नाहीत, पाणी सोडलं नाही. शक्ती खाली आली आणि गाभा पुढच्या दीडएक दिवसात आपोआप स्थिरावला. व्यापारी आकाराच्या अणुकेंद्रावर हे पहिल्यांदाच दाखवलं गेलं. जपानच्या ओआराई इथल्या ३० मेगावॅटच्या एचटीटीआरवर मार्च २०२४ मध्ये पूर्ण शक्तीवरून, कांड्या न घालता, हेलियम थांबवून पाहिला. तिथेही भट्टी स्वतःहून विझली.

हेलियम आत असताना निववणं सोपं जातं, असं कोणाला वाटेल. बऱ्याच अंशी ते खरं आहे. वायू आतल्या आत फिरून उष्णता पसरवतो. पण तापलेला हेलियम वर चढतो, आणि एरवी ज्या वरच्या भागाला २५० अंशांचाच वायू लागत असे तिथे तो कितीतरी जास्त तापून पोहोचतो. कांड्या चालवणारी यंत्रं नेमकी तिथे असतात. त्यामुळे दोन्ही स्थिती वेगवेगळ्या तपासाव्या लागतात : वायू गेला तर इंधनाची काळजी, वायू राहिला तर वरच्या धातूची. शिवाय वायू गेल्यानंतर हवा आत शिरली तर तापलेला ग्राफाइट हळूहळू जळू लागतो, तेव्हा फटी लहान ठेवणं आलंच.

हेलियमनेच थंड होणाऱ्या, पण जलद न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या वायुभट्टीत ग्राफाइटचा हा सगळा आधार नाहीसा होतो. तिच्यात ग्राफाइट नसतं, कारण न्यूट्रॉन मंद करायचे नसतात. घनमीटरमागे शक्ती १०० मेगावॅटच्या घरात न्यावी लागते, आणि हेलियमला स्वतःची उष्णता साठवण्याची ताकद जवळजवळ नसते. गेली साठ वर्षं तिचे आराखडे निघत आहेत आणि अजून एकही बांधली गेलेली नाही. त्यातला मुख्य अडसर क्षय-उष्णतेचाच आहे.

आपल्याकडच्या आकड्यांशी ताडून पाहायचं तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरसाठी प्रस्तावित असलेली एकेक ईपीआर भट्टी १,६५० मेगावॅट विजेची आहे. तेवढी वीज शिदाओच्या पद्धतीने काढायची तर सोळाएक भट्ट्या लागतील, तेवढीच अजस्र पात्रं आणि तेवढेच बाष्पजनक. हा खर्च खरा आहे आणि तो झाकून वायुभट्टीची बाजू मांडणं योग्य नाही. म्हणून निव्वळ विजेच्या बाजारात ती मोठ्या पाणभट्टीशी टक्कर देईल असं मला वाटत नाही. तिचं बळ ७५० अंशांत आहे. पाणभट्टीची वाफ तीनशे अंशांच्या आतबाहेर राहते. रसायन कारखान्यांना, तेलशुद्धीकरणाला, हायड्रोजनला त्याहून बरीच तप्त उष्णता लागते, आणि कारखान्याशेजारी भट्टी उभी करायची तर तिने माणसाच्या मदतीशिवाय निवलंच पाहिजे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हायड्रोजन निर्मितीसाठी आखलेली उच्च तापमानाची वायुशीतित भट्टी ५ मेगावॅट औष्णिक क्षमतेची आहे. एवढ्या लहान गाभ्यात वहनाची चिंता जवळजवळ उरत नाही; तिथे कसोटी लागेल ती धातूंची आणि इंधनकणांच्या दर्जाची.

चीनमध्ये पुढची पायरी चिआंगसू प्रांतात श्युवेई इथे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या केंद्रात दोन मोठ्या ह्वालोंग पाणभट्ट्या पायाभूत वाफ तयार करतील आणि वायुभट्टीच्या उष्णतेने ती आणखी तापवून जवळच्या पेट्रोरसायन कारखान्यांना दिली जाईल. त्यातल्या वायुभट्टीच्या संचाची क्षमता शिदाओच्या तिप्पट आहे. त्यासाठी गाभा रुंद केलेला नाही, उंचही केलेला नाही. दोनऐवजी सहा भट्ट्या एका टर्बाइनला जोडल्या जाणार आहेत, आणि प्रत्येकीची शक्ती २५० मेगावॅटच ठेवली आहे.